उंबरठ्याच्या आत कोणी पाहायचं?

गेल्या वेळच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस घरच्या शुश्रूषेच्या मानकांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, वकील नाही, कुठली सेवा चालवत नाही. तरी हा विषय मी मागून घेतला. त्याचं कारण आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आणायच्या दिवशी कोणीतरी एका ब्युरोचा नंबर दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक बाई दारात हजर. बारा तासांची ड्यूटी. सोबत एक छापील कागद होता. त्यावर लिहिलं होतं : प्रशिक्षित, अनुभवी, पोलीस पडताळणी झालेली. मी तो कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बाई शांत होत्या, वेळेवर यायच्या, घर स्वच्छ ठेवायच्या. अठराव्या दिवशी डॉक्टर घरी आले, त्यांनी हिला कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम. बेडसोअर. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या बाई आधी एका तान्ह्या बाळाकडे कामाला होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. ब्युरोला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "काका, उद्या बदली पाठवतो."

मी फार चिडलो होतो. राग ओसरल्यावर मात्र वेगळीच गोष्ट टोचायला लागली. अठरा दिवस मीही त्याच घरात होतो. पलीकडच्या खोलीत वाचत बसलो होतो. मी एकदाही तिची पाठ पाहिली नव्हती. इस्पितळात असती तर कोणीतरी पाहिली असती. सिस्टर पाहते, सिस्टरचं काम हेड सिस्टर पाहते, राउंडला डॉक्टर येतात, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा पाहत असतात. घरात हे पाहणं कोणाचं काम? आज मला एवढ्याच प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे.

माझी सवय जात नाही, म्हणून दोन शब्द न्यायदर्शनातले. ज्ञान खरं आहे हे ठरवण्याच्या साधनांना आपल्याकडे 'प्रमाण' म्हणतात. स्वतः पाहिलं तर ते प्रत्यक्ष प्रमाण. कोणा विश्वासार्ह माणसाने सांगितलं आणि आपण मानलं, तर ते शब्दप्रमाण. आणि असा विश्वासार्ह माणूस म्हणजे 'आप्त'. गंमत अशी की मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. नात्यातला माणूस तो विश्वासाचा, असं भाषेने गृहीतच धरून टाकलं! आता तो ब्युरोचा कागद बघा. त्याला आपण प्रमाणपत्र म्हणतो. ते शब्दप्रमाण झालं. पण शब्द कोणाचा? आप्त कोण? ज्याला बाई पाठवून पैसे मिळणार आहेत, तोच सांगतोय की बाई चांगली आहे. आणि घरातला जो आप्त होता, म्हणजे मी, तो पलीकडच्या खोलीत होता.

शुश्रूषा करणारा कसा असावा, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार-चार गुण. परिचारकाचे गुण असे : शुश्रूषेचं ज्ञान, हाताचं कौशल्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. एक तर त्याला स्वतंत्र पाय मानलं, वैद्याच्या हाताखालचा नोकर म्हणून सोडून दिलं नाही, ही मोठी गोष्ट. आता या चार गुणांकडे तपासनिसाच्या नजरेने पाहा. ज्ञानाची परीक्षा घेता येते. कौशल्य करून दाखवायला सांगता येतं. स्वच्छता डोळ्यांनी दिसते. अनुरागाचं काय करायचं? तो मोजायचा कसा, आणि त्याचा पगार किती लावायचा? हा प्रश्न लक्षात ठेवा. तो पुढे थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भेटणार आहे. आणखी एक गोष्ट. परिचारक कसा असावा हे त्या यादीत आहे. तो तसा आहे की नाही हे कोणी बघायचं, ते त्या यादीत नाही.

आता एकदम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडला जाऊ. घरी जाऊन शुश्रूषा करण्याची संघटित, तपासली जाणारी व्यवस्था तिथे उभी राहिली, आणि तिची कागदपत्रं भरपूर आहेत. त्याआधी काय परिस्थिती होती हे चार्ल्स डिकन्सने रंगवून ठेवलंय. 'मार्टिन चझलविट' ही त्याची कादंबरी १८४३-४४ मध्ये हप्त्याहप्त्याने आली. तिच्यात सेरी गॅम्प नावाची बाई आहे. घरोघरी जाऊन आजाऱ्यांजवळ रात्र काढणं, बाळंतपणं करणं, मेलेल्यांना आवरणं हा तिचा धंदा. ती पिते, आणि पेशंटची उशी स्वतःसाठी काढून घेते. पण मला त्यातली सगळ्यात मार्मिक गोष्ट वाटते ती तिची मैत्रीण, मिसेस हॅरिस. या मिसेस हॅरिसने माझी किती तारीफ केली, हे गॅम्पबाई येताजाता सांगत असतात. आणि ही मिसेस हॅरिस अस्तित्वातच नाही! (हशा) हसू नका, माझ्या ड्रॉवरमध्ये तिचीच सही होती. घरच्या शुश्रूषेतला पहिला प्रश्न डिकन्सने बरोबर पकडला. बंद दाराआडच्या कामाची ग्वाही कोण देणार? दुसरं कोणी नसेल, तर काम करणारीलाच आपला आप्त शोधावा लागतो, नाहीतर बनवावा लागतो.

१८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको दीर्घ आजारानंतर वारली. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने केली होती. रॅथबोनच्या मनात आलं, की माझ्या घरी पैसा होता, सगळ्या सोयी होत्या, तरी एका जाणत्या परिचारिकेमुळे केवढा फरक पडला. मग जिथे काहीच नाही, तिथे काय होत असेल? त्याने मेरी रॉबिन्सनलाच तीन महिन्यांसाठी पगारावर ठेवलं आणि गरीब वस्तीतल्या घरांत पाठवलं. एका महिन्यात ती परत आली, पार खचून. पाहिलेलं दैन्य सोसवत नाही, म्हणाली. त्याने तिला मुदत पुरी करायची विनंती केली. तीन महिने संपले तेव्हा तिला श्रीमंतांच्या घरी परत जायचं नव्हतं.

रॅथबोनला आता अशा आणखी परिचारिका हव्या होत्या. मिळेनात, कारण शिकलेल्या परिचारिका मुळात थोड्या. त्याने १८६१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलना पत्र लिहिलं. त्यांचा सल्ला असा, की माणसं मिळत नसतील तर ती तुम्हीच घडवा, तिथल्या रॉयल इन्फर्मरीला जोडून शाळा काढा. तशी शाळा निघाली. पुढच्या काही वर्षांत लिव्हरपूलचे अठरा विभाग पाडले गेले, प्रत्येक विभागाला एक परिचारिका, आणि तिच्यावर देखरेखीला त्या भागातली एक प्रतिष्ठित स्त्री. म्हणजे देखरेख पहिल्या दिवसापासून होती. फक्त ती करणाऱ्या स्त्रियांना शुश्रूषेतलं काही कळत नव्हतं. त्या मनाने चांगल्या होत्या, पैसा उभा करायच्या, चादरी आणि सूप पाठवायच्या. पण जखम बरोबर बांधली आहे का, हे त्या कशावरून सांगणार?

ही उणीव फ्लॉरेन्स लीज या बाईंनी उघड केली. त्या नाइटिंगेलच्या शाळेत शिकलेल्या. १८७४ मध्ये लंडनमध्ये गरिबांना घरी परिचारिका पुरवण्यासाठी संघटना उभी राहत होती. तेव्हा आधी चालू असलेल्या सेवा प्रत्यक्ष पाहून अहवाल देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. परिचारिका अपुऱ्या शिकलेल्या आहेत आणि शुश्रूषेऐवजी मदतवाटपच जास्त होतंय, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. त्यांचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. घरी जाणारीला इस्पितळातल्या परिचारिकेपेक्षा कमी नव्हे, जास्त प्रशिक्षण हवं. का? कारण तिथे तिच्या मागे कोणी उभं नसतं. डॉक्टर क्वचित येतो. पाणी, उजेड, हवा, सगळं तिलाच जमवायचं असतं. नाइटिंगेलनीही १८७६ मध्ये 'टाइम्स'ला लिहिलेल्या पत्रात हा मुद्दा मांडला होता, की घरी जाणारीला रुग्णाबरोबर त्या खोलीचीही शुश्रूषा करावी लागते. आज आपण नेमकं उलट धरून चाललो आहोत. जी इस्पितळात चालणार नाही ती घरी चालेल, असा आपला हिशेब असतो.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली. देशभरच्या स्त्रियांनी वर्गणी करून राणीला जी भेट दिली, तिच्यातले सत्तर हजार पौंड राणीने या कामाला दिले. त्यातून राणीच्या नावाची परिचारिका-संस्था उभी राहिली. १८८९ मध्ये तिला राजसनद मिळाली. तिची मानकं वाचण्यासारखी आहेत. इस्पितळातलं शिक्षण हवंच, शिवाय वस्तीत प्रत्यक्ष घरोघरी जाऊन सहा महिने उमेदवारी. परिचारिकेने पैसे, अन्न वाटायचं नाही. ती दाता झाली की घरातले लोक तिच्यासमोर खरं बोलणार नाहीत, ही त्यामागची समज. रुग्णाच्या धर्ममतात ढवळाढवळ करायची नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे निरीक्षक. रोझलिंड पॅजेट पहिल्या निरीक्षक. निरीक्षकही स्वतः शिकलेली परिचारिकाच. ती कार्यालयात बसून वह्या तर बघायचीच, पण परिचारिकेबरोबर फेरीलाही जायची. तिच्यासोबत जिना चढायची, बॅग उघडून बघायची, पेशंटला कसं वळवते ते बघायची. म्हणजे शब्दप्रमाणाला प्रत्यक्षाची जोड. घरातल्या माणसांना ती चालायची, कारण ती त्यांच्या ओळखीच्या सिस्टरबरोबर आत यायची.

हे 'चालायची' फार महत्त्वाचं आहे. ते नसलं तर काय होतं, हे पुण्याला कोणी सांगायला नको.

पुढच्याच दशकात, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग. त्या वर्षी सरकारही घराघरांत शिरलं होतं. कशासाठी? सार्वजनिक आरोग्याच्या सुरक्षेसाठीच. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने मार्चमध्ये झडत्या सुरू केल्या, गोरे सोजीर देवघरापर्यंत गेले, रुग्णांना आणि संशयितांना उचलून छावण्यांत नेलं. लोकांनी रोगी लपवले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. रोगाच्या दृष्टीने पाहिलं तर रुग्ण शोधणं आवश्यकच होतं. पण शोधणारा आप्त नव्हता. मला नेहमी वाटतं, घरात येणाऱ्या कुठल्याही सरकारी तपासणीबद्दल आपल्याकडे जी खोलवरची नाराजी आहे, तिच्या मुळाशी हे साल असावं. हे माझं अनुमान आहे, सिद्ध करता यायचं नाही.

आणि त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंतने हडपसरजवळ दवाखाना काढला होता, तिथे प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. आपण त्यांच्या त्यागाबद्दल बोलतो, बोललंच पाहिजे. पण आजच्या विषयाच्या अंगाने त्यात दुसरीही गोष्ट आहे. सुरक्षा म्हटलं की आपल्याला पेशंटची सुरक्षा आठवते. शुश्रूषा करणारीही त्याच हवेत श्वास घेत असते.

पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि ससून रुग्णालयाशी जोडून स्त्रियांना परिचारिकेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. पांढरपेशा घरांतल्या मुलींनी, विधवांनी हे काम करायचं म्हणजे रात्रपाळी, परपुरुषाला स्पर्श, परक्या जातीच्या माणसाचं मलमूत्र! केवढा विरोध झाला असेल, तुम्हीच कल्पना करा. सेवासदनने या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण ती प्रतिष्ठा मिळाली इस्पितळातल्या परिचारिकेला. घरी येणारी राहिली 'बाई', 'आया', 'मावशी'.

आता कायदा. पाच मिनिटांत आटोपतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ते थोडं नेमकं आहे. आपल्या राज्यात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. तो कशाची नोंदणी करतो? जागेची. इमारत, खाटा, तिथला कर्मचारीवर्ग. (जाता जाता सांगतो, 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा.) दुसरा, १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा. तो नोंदणी करतो व्यक्तीची, पण तिने मान्य अभ्यासक्रम पुरा केला असेल तरच. आता माझ्या घरी आलेल्या बाई यात कुठे बसतात? माझं घर शुश्रूषागृह नाही. त्या नोंदणीकृत परिचारिका नाहीत. ब्युरो इस्पितळ नाही. दोन नोंदवह्या, आणि त्यांच्या मधल्या फटीतून आमच्या सोसायटीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची काळजी चालली आहे.

ही फट दिल्लीला दिसली नव्हती असं नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं गेलं. त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानकं यांची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही. लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं.

पण मंजूर झालं असतं तर माझ्या पत्नीची पाठ कोणी पाहिली असती का? याचं उत्तर शोधायला पुन्हा बाहेर बघावं लागतं. रॅथबोनच्या देशात घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी २००० सालच्या कायद्याने सक्तीची झाली, आणि किमान मानकं २००३ मध्ये लागू झाली. तीही इतक्या उशिरा! आता तिथे इंग्लंडपुरता एक आयोग आहे. त्याचा निरीक्षक प्रामुख्याने एजन्सीच्या कार्यालयात जातो, नोंदी तपासतो, लोकांना फोन करतो, आणि संमती असेल तिथे काही घरांत जातो. इतकं असूनही पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटींचा प्रकार तिथे बोकाळला. पंधरा मिनिटांत आजोबांना उठवायचं, धुवायचं, खायला घालायचं, आणि वहीत टिक करून पुढच्या घरी पळायचं. शेवटी २०१५ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संस्थेला मार्गदर्शक सूचनेत लिहावं लागलं, की ठरावीक अपवाद सोडता भेट अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी.

अमेरिकेने यंत्राचा रस्ता धरला. २०१६ च्या कायद्याने सरकारी खर्चातून चालणाऱ्या घरच्या सेवेत प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. कोणती सेवा, कोणाला, कोणी, कुठल्या तारखेला, कुठे, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपली. उत्तम. बाई आलीच नाही आणि बिल लागलं, हा प्रकार त्याने थांबतो. पण माझ्याकडच्या बाईंची ही सहाही उत्तरं अठरा दिवस अगदी बिनचूक आली असती.

अमेरिकेतलीच दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी मघाशी अनुराग बाजूला ठेवायला सांगितला होता. १९७४ मध्ये तिथल्या किमान वेतनाच्या कायद्यात घरकामगारांना घेतलं गेलं. त्यातून एक वर्ग वगळला : म्हाताऱ्या आणि अशक्त माणसांना 'सोबत' करणारे. सोबतच तर करायची, तिला ओव्हरटाइम कसला? न्यूयॉर्कमध्ये एव्हलिन कोक नावाची जमैकाहून आलेली बाई होती. वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, खाऊ घालणं हे काम करत आली. तिने ओव्हरटाइमसाठी दावा लावला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या विरोधात निकाल दिला. सरकारने केलेला नियम कायद्याला धरून आहे, म्हणाले. दोन वर्षांनी ती गेली. नियम बदलला २०१३ मध्ये, लागू झाला २०१५ मध्ये.

बघा, चरकांनी जो तिसरा गुण म्हणून सांगितला, तोच पगार न देण्याचं कारण झाला. प्रेमाने करतेस ना, मग पैसे कसले? आणि अमेरिकेलाच नावं ठेवायला नकोत. आपली 'आशा' ताई बघा. ती कर्मचारी नाही, सरकारी कागदावर स्वयंसेविका आहे. तिला मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. मान आणि धन एका शब्दात बसवले की दोन्ही थोडे थोडे दिले तरी चालतात.

आशाचं नाव निघालं, तर मला या विषयातलं आपल्या मातीतलं सगळ्यांत मोठं काम सांगू दे. गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था. नव्वदच्या दशकात तिथे बाळंतपणं घरीच व्हायची, आणि नवजात बाळं मरायची. इस्पितळ लांब. त्यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. काम कोणी केलं? गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांनी. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. हात धुणं, बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणं, बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं ओळखणं, आणि तशी लक्षणं दिसली तर घरच्यांच्या संमतीने इंजेक्शनसुद्धा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

या प्रयोगाची स्तुती सगळे करतात, ती बहुतेक प्रशिक्षणाची करतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दर पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक गावात यायचा आणि आरोग्यदूताच्या नोंदी, तिचं काम बघायचा. प्रशिक्षण तर आपण १९०३ पासून देतोय. लेडी कर्झनबाईंनी सुईणींना शिकवण्यासाठी निधी काढला होता, सुईणी शिकल्याही. पण एकदा घरी परत गेल्या की त्यांच्याकडे पुन्हा कोणी फिरकायचं नाही, आणि पंधरा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पदरात निराशाच पडली. गडचिरोलीत शिकवणारा आणि तपासणारा पुन्हा पुन्हा येत राहिला. आणि आरोग्यदूत स्वतः त्याच गावची. तिला आत घ्यायला कोणाची हरकत नव्हती. दोन्ही अर्थांनी आप्त.

हाच नमुना २०११ पासून देशभर आशांमार्फत नेला गेला. इस्पितळात जन्मलेल्या बाळाला सहा गृहभेटी, घरी जन्मलेल्याला सात. बेचाळीस दिवसांचं वेळापत्रक. फॉर्मही आले. पाठीशी पंधरवड्याला येणारा माणूस प्रत्येक ठिकाणी गेला का, हे तुमच्या गावच्या आशाताईला विचारून बघा.

मघापासून एक चिठ्ठी माझ्यासमोर आहे. 'सर, मॅडमचं पुढे काय झालं?' सांगतो. जखम भरायला अडीच महिने लागले. बदली म्हणून ज्या आल्या त्यांच्याकडेही तसाच छापील कागद होता, तो मी वाचला नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "काका, जरा बॅटरी धरा." हिला कुशीवर घेतलं, पाठ पुसली, आणि कुठे लाल झालंय, कुठे दाबल्यावर लाली जात नाही, ते मला बोटाने दाखवलं. म्हणाल्या, "रोज रात्री मी जायच्या आधी तुम्ही बघायचं. मला नंतर कोणी बोल लावायला नको." मी म्हटलं, ठीक आहे. मग त्यांनी आपल्या तीन गोष्टी सांगितल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास पाठ टेकायला जागा, आणि हिला एकटीने उचलायला लावायचं नाही, कारण आधीच्या घरी त्यांच्या कमरेत चमक भरली होती. ब्युरोच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. आम्ही एका वहीच्या पानावर ते लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि ते पान हिच्या पलंगाच्या डोक्याशी लावलं. शेजारी कूस बदलल्याच्या वेळा लिहायचा तक्ता. दुपारी दोनच्या रकान्यात पुष्कळदा माझी सही आहे.

पुढची चिठ्ठी घेऊ या.